ई-बुक थेट प्रकाशकाकडून: वाचक नेमका कुठे अडतो

प्रश्न असा आला आहे: "आमचं छोटं प्रकाशन आहे, चाळीसेक पुस्तकं. त्यातल्या तीन पुस्तकांची ई-बुकं स्वतःच्या वेबसाइटवर ठेवली, दीडशे रुपये किंमत. लोक पान उघडतात, किंमत बघतात आणि निघून जातात. थेट आमच्याकडून घ्यायचं की नाही, हे वाचक कशावर ठरवतो? किंमत उतरवू का?"

किंमत आत्ताच उतरवू नका. ती शेवटी बघू.

मी बारा-तेरा वर्षं छोट्या प्रकाशकांची ई-बुकं तयार करून देतो आणि त्यातल्या काहींच्या ग्राहकांचे फोनही मीच घेतो. हे फोनचं काम सुरुवातीला मला शिक्षा वाटायचं. आज विचाराल तर या धंद्यातलं मला जे काही कळलं, ते निम्मं त्या फोनांवर कळलं. वाचक आधी किमतीचंच बोलतो, कारण ते बोलायला सोपं असतं. "कागद नाही, छपाई नाही, मग दीडशे कसले?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही उत्तर देईन. पण त्याला दोन मिनिटं बोलू द्या. मग हळूच येतं: "ते माझ्या फोनवर नीट दिसेल ना?" आणि त्याच्या मागोमाग, थोडं संकोचून, "आणि नाही दिसलं तर?" निर्णय या दोन प्रश्नांवर होतो. दीडशे रुपये गेले तर तो दुःखी होत नाही. दीडशे रुपये देऊन आपण अडाणी ठरलो, ही भीती त्याला जास्त असते.

तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, असं मात्र समजू नका. आपल्याकडे प्रकाशकाला आगाऊ पैसे द्यायची जुनी सवय आहे. प्रकाशनपूर्व सवलतीत माणसं न छापलेल्या पुस्तकाचे पैसे भरतात, पुस्तक चार महिने उशिरा आलं तरी कुरकुर करत थांबतात. आधी मनीऑर्डर करायचे, आता यूपीआय करतात, एवढाच फरक. दिवाळी अंकांचंही तेच. पैसे देताना वाचक बिचकत नाही. पोस्टाने आलेलं पुस्तक हातात घेऊन त्याला कळतं की व्यवहार पुरा झाला. फाइलच्या बाबतीत ती कुठे गेली, हेच त्याला समजत नाही. माझ्याकडे येणारा सगळ्यात मोठा प्रश्न आजही एकच आहे: "पैसे गेले, डाउनलोड झालं असं म्हणतंय, पण पुस्तक कुठंय?"

आता पहिला प्रश्न घेऊ, दिसेल का. तुम्ही साइटवर काय ठेवलंय ते पत्रात नाही, पण माझा अंदाज आहे की छापायला पाठवलेली पीडीएफच ठेवली असावी. बहुतेक जण तेच करतात. डेमी आकाराचं, म्हणजे नेहमीच्या छापील पुस्तकाएवढं, पान सहा इंची फोनवर आणलं की अक्षर मुंगीएवढं होतं. बोटांनी मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. तुमचा वाचक बहुधा पन्नाशीच्या पुढचा आहे. त्याला ई-बुक हवं असतं ते मुळात अक्षर मोठं करता येतं म्हणून. नेमकं तेच पीडीएफमध्ये होत नाही. ईपब नावाच्या ई-बुक फाइलमध्ये मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो, अक्षर वाढवलं की ओळी नव्याने बसतात. त्यामुळे विक्रीच्या पानावर "ई-बुक उपलब्ध" एवढंच लिहू नका. "ईपब स्वरूपात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, अँड्रॉइड फोन, आयफोन आणि किंडलवर वाचता येतं" असं सरळ लिहा. हे वाक्य किमतीच्या वर हवं.

पण मराठीत ईपब करणं म्हणजे एक बटण दाबणं नव्हे, आणि इथेच बहुतेक छोटे प्रकाशक वाचक गमावतात. आपली वीस-तीस वर्षांची पुस्तकं पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत अक्षरजुळणी केलेली. ती फाइल दिसायला देवनागरी असते, आतून नसते. तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा मिळेल. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारख्या कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणायला रूपांतरक मिळतात, पण ते नव्वद टक्के काम करतात आणि उरलेले दहा टक्के तुमची अब्रू घालवतात. पहिली वेलांटी जागा सोडते आणि 'किती'चं 'िकती' होतं. रफार पुढच्या अक्षरावर न बसता मागे लोंबतो, 'सर्व'चं 'सवर्'. आणि सगळ्यात छुपा घात आपल्या खास मराठी अर्ध्या र चा. एका प्रवासवर्णनाच्या फाइलमध्ये सगळे 'ऱ्या' सपाट होऊन 'र्या' झाले होते. सह्याद्रीच्या दऱ्यांच्या जागी दर्या. कोकणकड्यावरून लेखक पुस्तकभर समुद्रात डोकावत होता. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामला यात काही गैर वाटत नाही, कारण दर्या हा शब्द आहेच. हे माणसाने ओळ न ओळ वाचूनच सापडतं.

वाचक हे सगळं तंत्र जाणत नाही, पण चुकीचा रफार त्याला एका नजरेत दिसतो, आणि तो म्हणतो, "यांनी स्वतः वाचलंय का हे?" संपलं. मग तुम्ही तीस रुपये ठेवा नाहीतर तीनशे.

एक बारीक गोष्ट, मला स्वतःला खुपते म्हणून सांगतो. फाइलच्या आत भाषा 'मराठी' अशी नोंदवली नसेल, तर पुष्कळ फाँट ल आणि श ही अक्षरं हिंदी वळणाची दाखवतात. राज्य शासनाने 2009 साली वर्णमाला ठरवली तेव्हाही पाकळीचा ल आणि देठाचा श धरला होता. फाइलमध्ये भाषेची ती एक खूण घालायला दोन मिनिटं लागतात. फाँट चांगला असेल तर अक्षरं आपोआप मराठी वळणावर येतात. दहातले नऊ वाचक बोलणार नाहीत. दहावा निवृत्त शिक्षक असतो. तो फोन करतो आणि नंतर पाच जणांना पुस्तक घ्यायला लावतो.

वाचकाला हे सगळं पैसे द्यायच्या आधी कळायचं कसं? नमुन्यावरून. नमुना हीच तुमची दुकानाची काच आहे. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक यंत्रावर आणि दुकानात, नमुना म्हणून पुस्तकाचा पहिला साधारण दहावा हिस्सा मिळतो. मराठी पुस्तकांची गंमत अशी की त्या दहाव्या हिश्श्यात मान्यवरांची प्रस्तावना, लेखकाचं मनोगत, ऋणनिर्देश आणि दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने चार शब्द एवढंच मावतं. पुस्तक सुरू होईपर्यंत नमुना संपतो. स्वतःच्या साइटवर हे बंधन तुम्हाला नाही. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं एक पूर्ण प्रकरण द्या, तिसरं असो की सातवं. आणि ते ईपबमध्येच द्या, ज्या फाइलचे पैसे मागता तिच्यातून कापलेलं. कारण नमुना उघडताना वाचक एकाच वेळी दोन परीक्षा घेतो. पुस्तक कसं आहे हे तो पाहतोच, शिवाय माझ्या फोनवर हे उघडतं का, तेही. नमुना उघडला की त्याची अर्धी भीती तिथेच जाते. मी ज्या प्रकाशकांना नमुना पीडीएफवरून ईपबवर आणायला लावलं, त्यांच्याकडचे "उघडत नाही" हे फोन विक्रीनंतर न येता विक्रीच्या आधी यायला लागले. फोन तेवढेच, पण आता रागावलेला ग्राहक कमी आणि विचारणारा जास्त.

किंडलवाल्यांचं वेगळं सांगावं लागतं. ॲमेझॉनने डिसेंबर 2016 मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषा किंडलवर आणल्या, तेव्हापासून एक ठरावीक वाचकवर्ग तिथेच स्थिरावला आहे. त्याची पुस्तकं तिथे, खुणा तिथे, एका बोटाने खरेदी तिथे. त्याला वाटतं, बाहेरून घेतलेलं पुस्तक किंडलवर जाणारच नाही. ते जातं. 2022 पासून किंडलकडे ईपब सरळ पाठवता येतो. प्रत्येक किंडलधारकाला स्वतःचा एक किंडलचा ईमेल पत्ता मिळालेला असतो, आणि ज्या पत्त्यावरून फाइल येणार तो त्याने आधी मंजूर यादीत घालायचा असतो. ही मंजुरीची पायरी कुणी सांगत नाही, म्हणून फाइल वाटेतच अडते आणि शिव्या तुम्हाला बसतात. चार चित्रांसह एक पान करा: "किंडलवर असं पाठवा." आणि आधी तुमची फाइल स्वतः एखाद्या किंडलवर पाठवून चार प्रकरणं वाचा.

या वाचकाला थेट खरेदीचं खरं कारणही सांगता येतं, पण जपून. 2009 च्या जुलैत ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, पण वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक गेलं ते गेलंच. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-बुकांचं दुकानच बंद केलं, तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तकं गेली. 2025 च्या फेब्रुवारीत किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून वायरने नेण्याची सोय काढली गेली. तुमच्याकडून घेतलेली, नक्कल रोखणारं कुलूप नसलेली फाइल मात्र वाचकाच्या कपाटातली असते. हे पटतं, पण फक्त त्यांना ज्यांचं कपाट मोठं आहे. बाकीच्यांना हे ऐकवत बसलात तर वाटतं की तुम्ही भांडण काढताय.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. तुमची तिन्ही पुस्तकं ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या प्रकाशकांसाठीच्या योजनेत नोंदवलेली आहेत का, हे आजच बघा. त्या योजनेत 90 दिवस डिजिटल विक्री फक्त त्यांच्याकडे ठेवायची अट असते. ती चालू असताना तेच ई-बुक साइटवर विकणं म्हणजे करारभंग. अनेक जण नोंदणी करताना खूण टिचकवून विसरतात, आणि ती आपोआप पुढे चालू राहते.

पैशाचा हिशोब इथेच करून टाकू. दीडशेत 5 टक्के जीएसटी धरला तर मूळ किंमत सुमारे 143 रुपये. (छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकांवरचा कर 2018 च्या जुलैत 18 वरून 5 वर आला, छापील आवृत्ती नसेल तर हा फायदा नाही.) किंडलवर 35 टक्क्यांच्या दराने तुमच्या हाती साधारण 50 रुपये येतात. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर सिलेक्टची अट मान्य करावी लागते. मग शंभराच्या आसपास, फाइलच्या आकारानुसार थोडी वजावट. थेट विक्रीत पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे, दोनेक टक्के जाऊन 139 रुपये उरतात. म्हणजे थेट विकलेली एक प्रत किंडलच्या 35 टक्केवाल्या जवळजवळ तीन प्रतींबरोबर. हा आकडा तुमच्यासाठी. वाचकाला तो सांगून "आम्हाला मदत करा" असं म्हणू नका. एकदा मदत होते, दुसऱ्यांदा तो वाट बदलतो.

आता दुसरा प्रश्न: नाही दिसलं तर? याचं उत्तर तुमच्या पानावर माणसाच्या रूपात हवं. नाव, पत्ता, फोन, व्हॉट्सॲप, आणि फोन कधी उचलला जातो ती वेळ. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा माणूस दाखवणं तुम्हाला बंधनकारकच आहे, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते. पण नियमासाठी तळाशी बारीक अक्षरात टाकलेला पत्ता वेगळा आणि "अडचण आली तर सकाळी दहा ते सहा या नंबरवर बोला" हे वेगळं. पैसे परत देण्याबद्दलही एका ओळीत लिहा: फाइल उघडली नाही तर पैसे परत. घाबरू नका. इतक्या वर्षांत परतावा मागणारे मला बोटांवर मोजण्याएवढे भेटले. बहुतेकांना पैसे नको असतात, पुस्तक हवं असतं.

डाउनलोडची लिंक चोवीस तासांनी मरते, ही पद्धत आधी बंद करा. हे विकत घेतलेल्या वेबसाइटच्या साच्यात आपोआप आलेलं असतं आणि कुणी बदलत नाही. माणूस पुस्तक रविवारी घेतो, पुढच्या महिन्यात फोन बदलतो, पुस्तक गेलं. एका प्रकाशकाच्या ग्राहकाने मला तिसऱ्यांदा तेच पुस्तक मागितलं, तेव्हा मी थोडा तिरसटपणे विचारलं, काका, करता काय फाइलचं? ते म्हणाले, "नातू फोनमधली जागा रिकामी करतो." त्यानंतर मी नियम केला: ज्या ईमेलवरून किंवा नंबरवरून खरेदी झाली, त्याने कधीही मागावं, आम्ही द्यावं. दर वर्षी मोजके लोक मागतात. पण हे वाक्य पानावर असलं की बाकीचे निश्चिंत होतात.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, लेखक आणि पुस्तक ओळखू येईल असं ठेवा. देवनागरी नावं काही फोनांवर चौकोन होऊन बसतात. आणि "फायनल न्यू 2" नावाची फाइल ग्राहकाला पाठवणारे प्रकाशक मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल अधिक बोलत नाही.

परदेशातल्या वाचकांसाठी वेगळा विचार करा, कारण थेट ई-बुकाचा सगळ्यात उत्सुक ग्राहक तोच असतो. न्यू जर्सी किंवा मेलबर्नला अडीचशे रुपयांचं पुस्तक कुरिअरने पाठवायला पुस्तकापेक्षा जास्त पैसे लागतात. तो घ्यायला तयारच असतो, आणि तुमचं गेटवे त्याचं कार्ड नाकारतं. आंतरराष्ट्रीय कार्ड स्वीकारण्याची परवानगी बहुतेक गेटवेकडे वेगळी मागावी लागते. पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात पैसे घेणं थांबवलं, पण परदेशातून इथे घेण्यासाठी ते चालतं. एकदा अमेरिकेतल्या एका बाई तीन रात्री प्रयत्न करत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी पुण्यातल्या भाच्याला यूपीआय करायला लावलं आणि फाइल त्याच्याकडून मागवली. एवढी चिकाटी सगळ्यांकडून अपेक्षित धरू नका.

कार्डाची भीती घालवणंही सोपं आहे. ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला ग्राहकाचा कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही. "तुमचा कार्ड नंबर आमच्याकडे राहत नाही" ही ओळ खरी आहे, वापरा.

कुलपाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. कुलूप लावू नका. कुलूपबंद फाइलला वेगळं ॲप लागतं, खातं लागतं, आणि आपला पहिलाच प्रश्न, "दिसेल का", पुन्हा उभा राहतो. मी फाइलच्या आत विकत घेणाऱ्याचं नाव छापतो, एवढंच. चोरी थांबते का? पूर्ण नाही. एकदा आमची फाइल टेलिग्रामच्या एका ग्रुपवर सापडली, आतल्या ग्राहकाच्या नावासकट. मी त्यांना फोन केला. गृहस्थ इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. मुलाने मित्राला दिली, मित्राने पुढे टाकली. त्यांनी ग्रुपमधून ती काढायला लावली आणि दुसऱ्या दिवशी आमची आणखी दोन पुस्तकं घेतली. अर्थात प्रत्येक वेळी असं गोड होत नाही. बाकीच्या वेळी फाइल फिरत राहते. मराठीत छापील पुस्तकंही पानं स्कॅन करून फिरतात, त्यामुळे कुलूप लावूनही चोरी टळणार नाही.

उरली किंमत. वाचक तुमच्या दीडशेची तुलना छापील अडीचशेशी करतो, पण मनातल्या मनात शून्याशीही करतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट मिळतात, विश्वकोश फुकट आहे, ई-साहित्य प्रतिष्ठान कित्येक वर्षं मराठी पीडीएफ मोफत देत आहे. शिवाय लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन कुणीही छापू शकतं. असं पुस्तक तुम्ही शंभर रुपयांना ठेवलंत तर वाचक विचारणारच की शंभर कशाचे. टिपा, शब्दार्थ, नीट तपासलेला मजकूर असेल तर तसं लिहा. नसेल तर ते पुस्तक थेट विक्रीत ठेवूच नका. उलट जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही, त्याला किंमत फारशी आड येत नाही. एखाद्या तालुक्याचा इतिहास, मातीवरचं किंवा शेळीपालनावरचं चोख पुस्तक, संपलेली आवृत्ती, एखाद्या बोलीचा कोश: हे शोधणारा माणूस नेमकं तेच शोधत येतो. तो दोनशेही देतो. गाजलेली कादंबरी मात्र किंडलवर राहू द्या. मला कुणी वाचकाने विचारलं तरी मी सांगतो की बाबा, ती तिथेच घे, तुला सोयीचं आहे.

म्हणून तुमच्या तीन पुस्तकांपैकी जे सगळ्यात कमी खपाचं, पण ज्याबद्दल "कुठे मिळेल" असे फोन येतात, ते एकच निवडा. त्याचा ईपब नीट करून घ्या, 'ऱ्या' आणि रफार डोळ्यांनी तपासून. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या फोनवरून, तुमच्याच साइटवर, खरे पैसे भरून ते विकत घ्या. तुम्ही शेजारी बसा, पण हात लावू नका आणि बोलू नका. ती व्यक्ती जिथे जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, ती जागा वहीत लिहा. ती यादी मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.